हृल्लेखाचे वाचन आणि रोगाचे नाव : निलयी द्रुतस्पंदनाच्या ओळखीचा इतिहास

इ. स. १८८९ मध्ये हृदयाच्या बेफाम वेगासंबंधी दोन लेख प्रसिद्ध झाले. एक स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाचे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकविल्यम यांचा आणि दुसरा फ्रान्समधील लियाँ येथील वैद्य लेओं बूव्हरे यांचा. मॅकविल्यम यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, माणसाला एकाएकी मृत्यू येतो तेव्हा हृदय निमूटपणे थांबतेच असे नव्हे. पुष्कळदा ते थरथरू लागते, त्याचा प्रत्येक स्नायुतंतू आपापल्या परीने आकुंचन पावतो, आणि या साऱ्या धडपडीतून रक्त मात्र पुढे ढकलले जात नाही. बूव्हरे यांनी निराळीच गोष्ट नोंदविली होती. काही रोग्यांच्या हृदयाचा वेग क्षणार्धात कितीतरी वाढतो, काही मिनिटे किंवा काही तास तसाच टिकतो, आणि आला तसाच अवचित निघून जातो. ‘टॅकीकार्डिया’, म्हणजे द्रुत हृदय, या ग्रीक घटकांच्या शब्दाला त्यांनी ‘झटक्याने येणारे’ असे विशेषण जोडले व ते नाव वैद्यकात रूढ झाले. पहिल्या लेखाचा विषय मृत्यू हा होता. दुसऱ्याचा विषय एक त्रासदायक, परंतु बहुधा निभावून जाणारा विकार. हे दोन विषय एकाच कागदावर शेजारी शेजारी येण्यास पुढे तेवीस वर्षे जावी लागली, आणि ज्या कागदावर ते आले तो कागद १८८९ मध्ये अस्तित्वातच नव्हता.

मॅकविल्यम यांच्या कल्पनेची अडचण अशी की, तिला रोग्याच्या शरीरावर दाखविता येण्याजोगे चिन्ह नव्हते. हृदय थांबले तरी नाडी लागत नाही आणि थरथरले तरी लागत नाही. बोट आणि कान या वैद्याच्या दोन्ही साधनांना या दोन अवस्थांतील भेद कळणे अशक्य होते. तो कळत असे केवळ डोळ्याला, आणि तोही छाती उघडलेल्या प्राण्याच्या बाबतीत. हॉफा आणि लुडविग यांनी १८५० मध्ये उघड्या हृदयातून विजेचा प्रवाह सोडून हे थरथरणे पाहिले. वुल्पियां यांनी १८७४ मध्ये त्याला ‘तंतूंची हालचाल’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. आजचा ‘फिब्रिलेशन’ हा शब्द त्याच कुळातला. मराठीत त्यासाठी ‘स्फुरण’ हा शब्द येथे योजिला आहे. प्रयोगशाळेतील टेबलावर जे स्पष्ट दिसत होते, त्याचे रोगशय्येवर नावही घेता येत नव्हते. झटक्याने येणाऱ्या द्रुतस्पंदनाची स्थिती याच्या अगदी उलट होती. त्याला नाव होते, परंतु त्या एका नावाखाली किती निरनिराळे विकार एकत्र आले आहेत, हे सांगण्याचा मार्ग नव्हता. आपल्याकडचा रोगी ‘छातीत धडधडते’ असे म्हणतो तेव्हा त्याचा शब्दही असाच सर्वसमावेशक असतो.

हा मार्ग लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी मोकळा केला. हृदयाच्या विजेचा आलेख शरीराच्या पृष्ठभागावरून घेता येतो, हे लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये दाखविले होते; पण त्यांच्या केशिका-विद्युन्मापकातील पारा जड असल्यामुळे आलेख मंद व विकृत उमटत असे. आइंटहोव्हेन यांनी १८९५ मध्ये गणिताने ही विकृती दूर करून मूळची वक्ररेषा कशी असली पाहिजे, ते काढले. कच्च्या आलेखावरील उंचवट्यांना ए, बी, सी, डी ही अक्षरे आधीच दिलेली होती. म्हणून दुरुस्त केलेल्या आलेखासाठी त्यांनी वर्णमालेच्या मधूनच पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे उचलली. या शतकाच्या आरंभी म्हटले जाई ते विसावे शतक उजाडताच, १९०१ पासून, त्यांचे तंतु-गॅल्व्हनोमीटर हे यंत्र तयार झाले. रुपेरी मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म धागा प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात ताणून बसविलेला असे. सुमारे २७० किलो वजनाच्या या यंत्राला चालवावयास पाच माणसे लागत, आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९०५ मध्ये दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून तारेने आलेख मागविण्यात आले, कारण रोगी यंत्रापर्यंत आणणे किंवा यंत्र रोग्यापर्यंत नेणे दोन्ही दुर्घट होते. गणिताने जी वक्ररेषा आधी काढून ठेवली होती, तीच या धाग्याच्या सावलीने पुढे प्रत्यक्ष उमटली, हा योग शास्त्राच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

या अक्षरांसंबंधी एक गोष्ट नजरेतून निसटू नये. ती काहीच सांगत नाहीत. ‘पी’ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे अलिंदांची, विद्युत्-क्रिया आणि ‘क्यूआरएस’ म्हणजे खालच्या कप्प्यांची, निलयांची, हा अर्थ अक्षरांत नाही. तो नंतर चिकटविलेला आहे. त्यामुळे अर्थासंबंधीच्या उपपत्ती बदलल्या तरी अक्षरे बदलावी लागली नाहीत. पुढे जी नावे आली त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

अर्थ लावण्याची किल्ली शरीररचनाशास्त्राने दिली. सुनाओ टावारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये जर्मनीत असताना दाखविले की, अलिंदांकडून निलयांकडे जाणारा संदेश एका गाठीतून, तेथून एका जुडग्यातून, व त्याच्या फांद्यांतून पसरलेल्या जाळ्याने सर्व स्नायूला पोचतो. हे जाळे अतिशय वेगवान आहे. संदेश राजमार्गाने आला तर दोन्ही निलय जवळजवळ एकाच वेळी जागे होतात आणि आलेखावरील ‘क्यूआरएस’ अरुंद उमटते. संदेश निलयाच्याच एखाद्या कोपऱ्यातून उपजला, तर त्याला स्नायूतून पेशीपेशीने वाट काढावी लागते. वेळ अधिक लागतो, आणि ‘क्यूआरएस’ रुंद होते. आज आलेखाचा कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो. त्यावरील एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. तीन चौकोन, म्हणजे ०.१२ सेकंद, ही प्रौढ माणसातील अरुंद आणि रुंद यांमधील सीमा मानतात. हृदयाचा वेग मिनिटाला शंभराहून अधिक आणि ‘क्यूआरएस’ तीन चौकोनांइतके किंवा त्याहून रुंद, एवढ्यावरून वैद्याने सावध व्हावे, हा नियम या साध्या भूगोलातून निघाला आहे.

लंडनच्या टॉमस लुइस यांनी १९०९ मध्ये निलयातून उपजलेले ठोके एकामागून एक येत असल्याचा आलेख प्रसिद्ध केला. निलयी द्रुतस्पंदनाचा हा आद्य आलेख समजला जातो. त्यानंतर १९१२ मध्ये ऑगस्ट हॉफमन यांचा लेख आला. द्रुतस्पंदनाचा झटका संपता संपता माणसाच्या निलयांचे स्फुरण झाले, आणि ते यंत्राने टिपले गेले, असे त्यात नमूद आहे. बूव्हरे यांचा विकार आणि मॅकविल्यम यांचा मृत्यू एकाच कागदावर आले ते येथे. सुबक, एकसारख्या रुंद लाटांची रांग मोडून तिच्या जागी आकारहीन वळवळणारी रेषा येते, हे दृश्य आज कोणाही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. परंतु ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला एका विकाराच्या टोकाशी दुसरा उभा आहे, हे नव्याने शिकावे लागले. १९२१ मध्ये रॉबिन्सन आणि हर्मन यांनी निलयी द्रुतस्पंदनाचा संबंध हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत होणाऱ्या अडथळ्याशी जोडला. त्यानंतर या आलेखाकडे कुतूहलाने पाहण्याचे दिवस संपले.

पण ‘निलयी द्रुतस्पंदन’ या नावात एक पेच दडलेला आहे, आणि त्या पेचाने पुढील साठ वर्षे माणसांचे बळी घेतले. हे नाव आकाराचे नाही, उगमाचे आहे. आलेख दाखवितो तो आकार. ‘रुंद आणि द्रुत’ एवढेच कागदावर लिहिलेले असते. ‘निलयातून आलेले’ हा वाचकाचा निष्कर्ष असतो. जुन्या पोथीतील अक्षर कोणत्या लेखकूचे, हे ठरविणाऱ्याला जी सावधगिरी बाळगावी लागते तीच येथे लागते. कारण अलिंदांकडून आलेला संदेशही काही प्रसंगी रुंद आकार धारण करतो. जुडग्याची एक फांदी थकली, तर संदेश आडमार्गाने जातो. लुइस यांनीच अशा वहनाला ‘वाट चुकलेले’ या अर्थाचा शब्द वापरला. १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी ११ निरोगी तरुण माणसांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत ‘क्यूआरएस’ रुंद होते, ‘पी’पासूनचे अंतर आखूड होते, आणि त्यांना द्रुतस्पंदनाचे झटके येत. त्यांच्या हृदयात राजमार्गाला वगळून जाणारी एक जन्मजात चोरवाट असते, हे काही काळाने सिद्ध झाले. म्हणजे रुंद आकार पाहून निलयाचे नाव घेणे चुकीचे ठरू शकते. आणि त्याच्या भीतीने न घेणे त्याहून चुकीचे.

उगमाचा पुरावा कोठे शोधावयाचा? सर्वांत भक्कम पुरावा विसंवादाचा. निलय स्वतःच्या तालावर धावत असताना अलिंद बहुधा आपल्या जुन्या संथ लयीने चालतच राहतात; रुंद लाटांच्या गर्दीतून मधूनमधून ‘पी’चा लहानसा उंचवटा डोके वर काढतो, आणि त्याचा त्या लाटांशी काही हिशेब लागत नाही. हा विसंवाद अनुभवी वैद्याला यंत्रावाचूनही, मानेतील शिरेच्या अनियमित उसळीवरून, ओळखता येतो. क्वचित अलिंदांचा एखादा संदेश योग्य क्षणी खाली पोचतो आणि निलयातील संदेशाशी त्याची वाटेतच गाठ पडते. तेव्हा जो ठोका उमटतो त्याचा आकार दोहोंच्या मधला असतो. ड्रेसलर आणि रोसलर यांनी १९५२ मध्ये अशा संकरित ठोक्यांचे निदानातील मोल दाखवून दिले. असा एक ठोका सापडला की वाद मिटतो. दुर्दैव इतकेच की, तो शोधू लागल्यावर सापडेलच असे नाही, आणि रोग्यापाशी वेळ नसतो.

वेळेचा प्रश्न उद्‌भवला तो उपाय सापडल्यामुळे. १९४७ पर्यंत स्फुरणाचा आलेख हा मृत्यूचा दाखला होता. तो अचूक वाचला तरी रोग्याला त्याचा काही उपयोग नव्हता. त्या वर्षी क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या हृदयाला विजेचा धक्का देऊन ते पुन्हा चालू केले. १९५६ मध्ये बॉस्टनचे पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरूनच धक्का देण्याची रीत यशस्वी केली. १९६० मध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी नुसत्या हातांनी छाती दाबून रक्ताभिसरण काही काळ टिकविता येते, हे दाखविले. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाऐवजी एकदिश प्रवाहाचा, आणि ‘आर’च्या क्षणाशी जुळविलेला, धक्का प्रचारात आणला. या जुळणीमागे विगर्स आणि वेग्रिया यांचे १९४० मधील काम होते : ‘टी’च्या शिखराजवळचा काही क्षणांचा अवधी हृदयाच्या दृष्टीने नाजूक असतो, आणि त्या अवधीत पडलेला धक्का स्फुरण थांबविण्याऐवजी ते सुरू करतो. ज्या अक्षरांना आइंटहोव्हेन यांनी काहीच अर्थ दिला नव्हता, त्यांच्या आधारे आता यंत्र स्वतः धक्क्याचा क्षण निवडू लागले.

उपाय हाताशी आल्यावर तो मिनिटाभरात रोग्यापर्यंत पोचविणे हाच खरा प्रश्न उरला. एडिंबरोचे डेस्मंड ज्यूलियन यांनी १९६१ मध्ये सुचविले की, हृदयविकाराच्या रोग्यांना एका कक्षात एकत्र ठेवावे, त्यांचा आलेख अखंड पाहावा, आणि धक्का देण्याचे काम डॉक्टरची वाट न पाहता तेथील शिक्षित सेवकांनी करावे. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे ह्यूज डे यांनी असा कक्ष उघडला. इतिहासकारांचे लक्ष यंत्रांकडे अधिक जाते; परंतु येथे जे घडले ते वाचनाच्या इतिहासातील स्थित्यंतर होते. हृल्लेखाची लिपी तोपर्यंत मूठभर तज्ज्ञांची मिरास होती. आता ती रात्रपाळीच्या परिचारिकांना शिकवावी लागली. त्यांनी पडद्यावरची रेषा वाचून स्वतः निर्णय घ्यावयाचा होता. त्यांनी तो घेतला, आणि या कक्षांतील मृत्यूंचे प्रमाण घटले, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

तथापि, स्फुरण ओळखणे सोपे होते. रोगी शुद्धीवर नसतो, वादाला जागा नसते. अवघड प्रसंग तो, ज्यात रोगी खाटेवर बसून बोलत असतो, रक्तदाब बरा असतो, आणि आलेखावर रुंद लाटा मिनिटाला १७० या वेगाने धावत असतात. ‘निलयी द्रुतस्पंदन असते तर हा असा बोलत बसला नसता’ असा तर्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो समजण्यासारखा आहे. भयंकर नाव धारण करणारा विकार भयंकर दिसलाच पाहिजे, अशी भाषेची सवय मनाला लागलेली असते. पण तर्क खोटा आहे. निलयी द्रुतस्पंदनाचा रोगी पुष्कळदा काही काळ धडधाकट दिसतो. या तर्कावर विसंबून त्याला ‘वाट चुकलेले’ अलिंदी द्रुतस्पंदन ठरविले गेले, आणि व्हेरापामिल हे औषध शिरेतून दिले गेले. अलिंदी विकारांत हे औषध गुणकारी ठरते, कारण ते मधल्या गाठीचे वहन मंदावते. निलयी विकाराला त्या गाठीचे सोयरसुतक नसते. वेग आहे तसाच राहतो, आणि औषधाने रक्तवाहिन्या सैलावून व स्नायूचा जोर कमी होऊन रक्तदाब तेवढा कोसळतो. १९८६ व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहण्यांत अशा चुकांचे व त्यांच्या परिणामांचे वृत्तांत आहेत.

चूक दुरुस्त होण्यासाठी आलेखाचा ताळा घेता येईल असे दुसरे साक्षीदार हवे होते. ते हृदयाच्या आत नेलेल्या तारांनी दिले. १९६९ पासून जुडग्याच्या विद्युत्-क्रियेची नोंद थेट आतून घेता येऊ लागली. उगम निलयात आहे की वर, हे तिच्यावरून निश्चित ठरे. मग तोच झटका बाहेरच्या कागदावर कसा दिसतो, याची तुलना शक्य झाली. हाइन वेलेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये ही तुलना पद्धतशीर मांडली. १९९१ मध्ये पेद्रो ब्रुगादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगम निश्चित ठाऊक असलेल्या ५५४ झटक्यांचे आलेख तपासले. त्यांपैकी ३८४ निलयी होते. त्यांची पद्धत चार प्रश्नांची आहे, आणि पहिला प्रश्न छातीवरील सहाही आलेखांत ‘आर’नंतर ‘एस’ येण्याचा नमुना कोठे दिसतो काय, एवढाच आहे. कोठेही नसेल तर झटका निलयी समजावा. पुढचे प्रश्न क्रमाने सूक्ष्म होत जातात. विसंवादाचा जुना पुरावा तिसऱ्या क्रमांकावर आहे. सर्व प्रश्नांतून पार पडेल त्यालाच अलिंदी म्हणावयाचे. सिद्ध करण्याचा भार निरुपद्रवी निदानावर टाकलेला आहे. रुग्णालयांत आज जो दंडक पाळतात तो याच वळणाचा आहे : रुंद व द्रुत लय निलयी नाही असे सिद्ध होईपर्यंत ती निलयी मानावी.

उगमाची नावे अशी अडचणीत आली असताना केवळ आकाराचे एक नाव मात्र टिकून राहिले. पॅरिसचे फ्रान्स्वा देसर्तेन यांनी १९६६ मध्ये ८० वर्षांच्या एका स्त्रीचे आलेख वर्णिले. तिचे हृदय मुळात मंद चाले व मधूनच तिला मूर्च्छा येई. मूर्च्छेच्या वेळी आलेखावरील टोके प्रथम वर, नंतर खाली, पुन्हा वर, अशी मधल्या रेषेभोवती पीळ घेत जात. लेखाच्या शीर्षकात देसर्तेन यांनी आपली उपपत्ती मांडली होती : दोन विरुद्ध उगमस्थाने आळीपाळीने हृदयाचा ताबा घेतात. वर्णनाच्या ओघात मात्र त्यांनी ‘तोर्साद द पोईंत’, म्हणजे ‘टोकांचा पीळ’, असा शब्दप्रयोग केला. शीर्षकातील उपपत्ती सर्वमान्य राहिली नाही. ओघात आलेला शब्द जगभर गेला, आणि बहुतेक भाषांनी तो न भाषांतरताच स्वीकारला.

या शब्दाने जुन्या नोंदींचा अर्थही बदलला. क्विनिडीन या औषधाने अनियमित लय ताळ्यावर आणू पाहताना काही रोगी मूर्च्छित पडतात, हे वैद्यांना ठाऊक होते. सेल्झर आणि रे यांनी १९६४ मध्ये अशा मूर्च्छांचे मूळ निलयांच्या स्फुरणात असल्याचे दाखविले. आलेखांतील पीळ ओळखता येऊ लागल्यावर या साऱ्यांचे समान लक्षणही पुढे आले : झटक्यापूर्वी ‘क्यू’पासून ‘टी’च्या शेवटापर्यंतचे अंतर लांबलेले असते. हेच अंतर काही कुटुंबांत जन्मतःच लांब असते, असे येर्वेल आणि लांगे-निल्सेन यांनी १९५७ मध्ये बहिऱ्या मुलांच्या एका नॉर्वेजियन कुटुंबात पाहिले होते. व्यवहारात याचा अर्थ फार मोठा आहे. पीळ न ओळखता त्याला साधे निलयी द्रुतस्पंदन समजून क्विनिडीनच्या जातीचे औषध दिले, तर ते अंतर आणखी लांबते आणि रोगी दगावतो. पीळ ओळखला तर अपराधी औषध बंद करून शिरेतून मॅग्नेशियम देतात.

वाचन बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो, याचे उदाहरण १९८९ चे आहे. हृदयाघातानंतर आलेखावर निलयातून उपजलेले सुटे ठोके वारंवार दिसले, तर ते पुढच्या स्फुरणाची पूर्वसूचना होत, असे दोन दशके मानले जात होते. सूचना पुसली की संकट टळेल, या समजुतीने ते ठोके दडपणारी औषधे सर्रास दिली जात. अमेरिकेत या समजुतीची कसोटी घेतली गेली. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७३० रोग्यांपैकी सरासरी दहा महिन्यांत ५६ दगावले. निर्गुण गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. औषधांनी कागद स्वच्छ केला होता. चिन्ह खरे होते. त्यालाच कारण समजले गेले होते.

ब्रुगादा हे नाव आणखी एका संदर्भात येते, आणि तेथे भाषेने वैद्यकाच्या आधी पोचल्याचे दिसते. पेद्रो आणि जोसेप या ब्रुगादा बंधूंनी १९९२ मध्ये आठ रोग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. हे रोगी स्फुरणातून वाचलेले होते. त्यांच्या हृदयाच्या रचनेत दोष आढळला नाही, परंतु झटका नसतानाही छातीच्या उजवीकडच्या आलेखांत ‘एस’ व ‘टी’ यांमधील रेषा उंचावलेली होती. लेखाच्या शीर्षकात ‘उजव्या फांदीचा अवरोध’ असे शब्द आहेत. ते निदान पुढे अनेक रोग्यांच्या बाबतीत अचूक मानले गेले नाही, आणि विकाराला शोधकांचेच नाव उरले. दरम्यान १९८१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यखात्याने लाओसमधून आलेल्या निर्वासितांपैकी तरुण पुरुष रात्री झोपेतच मरण पावत असल्याची नोंद केली होती. थायलंडमध्ये अशा मृत्यूला ‘लाइ ताइ’ म्हणत, जपानमध्ये ‘पोक्कुरी’; फिलिपिन्समधील तागालोग भाषेत ‘बांगुंगोत’, ज्याची फोड ‘उठणे’ आणि ‘कण्हणे’ या दोन शब्दांनी केली जाते. घरातील माणसांनी अंधारात जे पाहिले व ऐकले, तेवढेच या शब्दांत आहे. १९९७ मध्ये थायलंडमधील अशा पुरुषांचे हृल्लेख घेतले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या कागदावर ब्रुगादा बंधूंनी वर्णिलेली तीच उंचावलेली रेषा आढळली.